आधी नाव, मग चव

जबलपूरनजीकच्या खमरियात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. समजा, तेथील एखाद्या मराठी गृहिणीने थालीपिठाची भाजणी ऑनलाइन बाजारात विक्रीस ठेवली व तिला नाव दिले, ‘आईच्या हातची चव’. नाव गोड खरे. परंतु त्या नावाने भाजणी कोण शोधणार? मराठी ग्राहक ‘थालीपीठ भाजणी’ असे लिहील, हिंदीभाषी शेजारीण ‘थालीपीठ आटा’ असे. ते शब्द पानावर नसतील, तर पहाटे उठून भाजलेले धान्य डब्यातच राहावयाचे!

यास्तव शीर्षकात प्रथम पदार्थाचे रूढ नाव व वजन द्यावे. वर्णनात हिंदी नाव, घातलेली धान्ये व टिकण्याची मुदत सांगावी. छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे. माल संपताच तशी नोंद करावी. कारण मागणी रद्द झाली की ग्राहकाचा विश्वास उडतो.

मालाचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लागतो, हे अशा बाजारपेठांनी सांगावे, असे 2020 च्या ई-वाणिज्य ग्राहक संरक्षण नियमांत नमूद आहे. ती माहिती विक्रेत्या भगिनींनी अवश्य वाचावी. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाची स्तुती लिहिण्यासही तेच नियम मनाई करतात. तेव्हा आप्तेष्टांकडून खोटी प्रशंसा लिहवून घेण्याचा मोहही टाळावा. योग्य नाव ग्राहकाला दारापर्यंत आणते. त्याला पुन्हा आणण्याचे काम मात्र भाजणीच्या खमंगपणाचेच होय.