तराजूचे माप आणि जिभेचे माप

पौषातील थंडी स्थिरावली, की शहरातील गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांमध्ये एक वेगळीच लगबग सुरू होते. गणेशोत्सवाच्या सुमारास पेरलेली आणि महिन्याभराने मोठ्या कुंडीत लावलेली टोमॅटोची रोपे आता फळांनी लगडलेली असतात. घरच्या घरी भाजीपाला पिकविणारी मंडळी या दिवसांत ठिकठिकाणी एकत्र जमतात, आपापली फळे मांडतात आणि ती चाखून पाहतात. मेळावा ठरलेला असतो रविवारी सकाळचा. परंतु खरी रंगत येते ती आदल्या संध्याकाळी, एकमेकांचे पीक निरखताना.

कोणाच्या टोपलीत मुठीएवढी, एकसारख्या लाल रंगाची संकरित फळे असतात, तर कोणाकडे बोराएवढ्या चेरी टोमॅटोचे घोस. एखाद्या आजी मात्र लहानशा ताटलीत मोजकीच, चपटी, खाचा पडलेली गावठी फळे घेऊन संकोचाने कडेला बसलेल्या असतात. मध्यभागी काटा ठेवला जातो. “एका झाडाला अडीच किलो!” असे कोणी अभिमानाने सांगते, तर कोणी म्हणते, “आमचे झाड छताला टेकले हो, पण फळे सातच!”

उणे कोठे पडले?

या तुलनेतून अनेक धडे मिळतात. झाड उंच वाढून फळे कमी आली, तर बहुधा नत्रयुक्त खत जास्त झालेले असते किंवा ऊन कमी पडलेले असते. टोमॅटोला रोज निदान सहा तास थेट ऊन हवे. बंद गॅलरीत दुसरीच अडचण येते. टोमॅटोच्या एकाच फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असले, तरी पराग सुटण्यासाठी फुलाला कंप मिळावा लागतो. मोकळ्या जागी हे काम वारा आणि भुंगे करतात. बंद जागेत सकाळच्या वेळी फुलांच्या देठाला बोटाने हलकेच टिचकी मारणे हा सोपा उपाय आहे.

फळाचा तळ काळा पडून कुजणे, हे फळाला कॅल्शियम न पोहोचल्याचे लक्षण. पुष्कळदा मातीत कॅल्शियम असते. पाणी अनियमित दिल्यामुळे ते फळापर्यंत जात नाही. चार दिवस कुंडी कोरडी ठेवून पाचव्या दिवशी भरपूर पाणी घातले, तर साल तडकते. थोडे, पण नेमाने दिलेले पाणी या दोन्ही तक्रारी पुष्कळशा दूर करते.

चव कोठे हरपली?

काट्यावरची स्पर्धा संपली, की लक्ष आजींच्या ताटलीकडे वळते. न पिकलेल्या फळाच्या देठाजवळ गडद हिरवी झाक पाहून कोणी त्याला दोष मानते. वस्तुतः ती झाक गुणाची खूण आहे. सगळीकडे सारखा फिकट हिरवा रंग असलेली फळे एकदम लाल होतात आणि काढणीस सोयीची पडतात, म्हणून वाण निपजविणाऱ्यांनी कित्येक दशके तशाच जाती निवडल्या. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, की या निवडीत फळातील हरितद्रव्य वाढविणारे एक जनुक निकामी झाले आणि त्याबरोबर फळातील साखरही घटली. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या, ३९८ प्रकारांच्या अभ्यासातून आधुनिक वाणांत अनेक सुगंधी द्रव्ये कमी झाल्याचे आढळले.

यात शेतकऱ्याचा दोष नाही. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून निघालेल्या फळाला शेकडो किलोमीटरचा प्रवास सोसावा लागतो. त्यासाठी जाड साल आणि घट्ट गर लागतो. २०२३ च्या जुलैमध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा या टिकाऊ वाणांचे मोल सर्वांनाच कळले. घरच्या फळाला मात्र कुंडीपासून ताटापर्यंतच जायचे असते. त्यामुळे घरचा बागकाम करणारा केवळ चवीसाठी वाण निवडू शकतो.

चाखण्याची रीत

चाखण्यासाठी आणलेली फळे शीतकपाटात ठेवू नयेत. फ्लॉरिडा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखविले, की पाच अंश सेल्सिअस तापमानात आठवडाभर ठेवलेल्या फळाचा गंध पुन्हा बाहेर काढल्यावरही पूर्ववत होत नाही. रविवारी सकाळी फळांच्या सारख्या फोडी करून ताटल्यांना नावांऐवजी क्रमांक द्यावेत. मीठ-साखर लावू नये; दोन फोडींच्या मध्ये पाण्याचा घोट घ्यावा. गोडी, आंबटपणा, रस, साल आणि गंध यांना वेगवेगळे गुण द्यावेत. केवळ गोड फळ बेचव वाटते. आंबट आणि गोड यांचा मेळ जमला, तरच जीभ तृप्त होते. नावे झाकलेली असली, की काट्यावर मागे पडलेले फळ येथे पुढे येऊ शकते. सारासाठी तर पातळ सालीचे, रसाळ, आंबट गावठी फळच अनेकांना हवे असते.

मेळाव्याचे खरे फलित त्यानंतरचे. संकरित फळाच्या बीपासून तसेच झाड येईल याची शाश्वती नसते. परंतु ‘पुसा रुबी’सारख्या सरळ वाणाचे किंवा गावठी फळाचे बी घरी राखता येते. पूर्ण पिकलेल्या फळाचा बियांसह गर दोन-तीन दिवस भांड्यात आंबू द्यावा, बियांवरील बुळबुळीत आवरण सुटले की त्या धुवाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि कागदाच्या पुडीत बांधून वाण व वर्ष लिहून ठेवाव्यात.

एकाच घरात राखलेले वाण एखाद्या वर्षी पेरायचे राहिले, रोपे रोगाने गेली किंवा राखणारा हात थकला, तर ते कायमचे नाहीसे होऊ शकते. तेच बी पाच घरी गेले, तर चार ठिकाणी अपयश आले तरी पाचव्या कुंडीत उगवते. म्हणून ताटल्या रिकाम्या झाल्यावर आजींनी पदराच्या गाठीतून काढलेली ती लहानशी पुडी हेच त्या सकाळचे सर्वांत मोठे बक्षीस असते. हे मुद्दल असे आहे, की ते वाटले तरच वाढते.