सामाजिक भय आणि मेंदूतील ऑक्सिटोसिन

चारचौघांत बोलताना हात कापतात, घाम सुटतो, छातीत धडधडते, अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण बहुधा हृद्रोगाच्या शंकेने आलेला असतो. नाडी, रक्तदाब, हृदयालेख प्राकृत निघतात आणि ‘मन घट्ट करा’ एवढ्या उपदेशावर त्याची बोळवण होते. या भयाला मेंदूत निश्चित अधिष्ठान आहे, हे येथे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

जर्मनीतील रेगेन्सबुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. उंदीर अनोळखी उंदराला हुंगावयास गेला की त्याच्या पायांना सौम्य विद्युत्-धक्का दिला जाई. पुढे तो स्वजातीयांपासून दूर राही. रिकाम्या पिंजऱ्याजवळ मात्र निःशंक जाई. म्हणजे भय सर्वसाधारण नव्हे, संगतीचेच.

अशा उंदरांच्या मेंदूतील सेप्टम या भागात ऑक्सिटोसिनचे संग्राहक वाढलेले आढळले. परंतु दुसरा उंदीर समोर येताच व्हावयाचे ऑक्सिटोसिनचे स्रवण मंदावलेले होते. दार उघडे आणि पाहुणा नाही, अशी ही अवस्था. ऑक्सिटोसिन थेट तेथे सोडताच भय ओसरले. प्रसूतीच्या वेळी आपणांस परिचित असलेला हा नऊ अमिनो आम्लांचा रेणू संग्राहकाला चिकटला की चेतापेशीतील कॅल्शियम वाढते व तिचे वर्तन पालटते. त्याच गटाने २०१८ मध्ये दाखविले की, पिलांना दूध पाजणाऱ्या मादीत असे भय रुजतच नाही, आणि त्यामागेही सेप्टममधील ऑक्सिटोसिनच आहे. स्तन्यकालाचा विचार बारकाईने करणाऱ्या आपल्या परंपरेला हा निष्कर्ष विशेष रोचक वाटावा.

तथापि उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे. माणसांत नाकावाटे दिलेल्या ऑक्सिटोसिनचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. तसेच अमुक मेध्य द्रव्य ऑक्सिटोसिन वाढविते, असे प्रयोगावाचून लिहिण्याची घाई आपणही करू नये. त्याने शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही.

चरकसंहितेने भय हा धारण करण्याजोगा मानसिक वेग मानला आहे आणि त्रिविध औषधांत सत्त्वावजयाला स्थान दिले आहे. भीतिदायक प्रसंगांना पायरीपायरीने सामोरे नेणारी आजची वर्तनचिकित्सा आम्हांस त्याच्या जवळची वाटते; धक्का न देणाऱ्या संगतीत वारंवार ठेवलेल्या उंदराचेही भय हळूहळू कमी होते. म्हणून रुग्णास नेमके विचारावे : भीती बोलताना वाटते, जेवताना की लोकांसमक्ष सही करताना? त्यापायी शिक्षण वा नोकरी सुटत असेल, मद्याचा आधार घेतला जात असेल किंवा आत्महत्येचे विचार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब करू नये.