शेंगदाण्याने उलटवलेला सल्ला

साबुदाण्याच्या खिचडीपासून उपवासाच्या आमटीपर्यंत सगळीकडे दाण्याचे कूट घालणाऱ्या आपल्या घरांत, शेंगदाण्याने एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकते हे मी पालकांना सांगते तेव्हा त्यांना खरे वाटत नाही. ब्रिटन-अमेरिकेत मात्र ही धास्ती जुनी आहे. २००० साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला दिला, की घराण्यात अ‍ॅलर्जी असेल तर बाळाला तीन वर्षांचे होईपर्यंत शेंगदाणा देऊ नका. अ‍ॅलर्जी काही कमी झाली नाही. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला.

त्याच वर्षी लंडनच्या गिडिऑन लॅक यांच्या गटाने ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्रायलमधल्या मुलांच्या दहापट होती. वंश तोच, फरक खाण्यात होता. इस्रायलमधली बाळे दात येण्याच्या वयातच ‘बांबा’ नावाचे, दाण्याचे तोंडात विरघळणारे कुरकुरे खातात. मग लॅक यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे निवडली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना वर्ज्य केला. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: पाचव्या वर्षी वर्ज्य करणाऱ्यांत सुमारे १७ टक्क्यांना अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत जेमतेम ३ टक्क्यांना.

याचा उलगडा असा केला जातो, की इसबाने फाटलेल्या त्वचेतून शिरलेला अन्नकण शरीराला शत्रू वाटतो, तर आतड्यातून आलेला ओळखीचा होतो. (अख्खा दाणा बाळाला कधीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो, पातळ केलेली पेस्ट द्यावी. आणि इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.)

निदानातला घोळ वेगळाच. रक्ततपासणीचा लांबलचक तक्ता हाती आला, की दूध, गहू, अंडे सगळे बंद करून टाकलेली मुले माझ्याकडे येतात. तपासणी ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली, एवढेच. तो पदार्थ खाऊन त्रास होतो का, हा खरा प्रश्न. शंका उरलीच तर रुग्णालयात, देखरेखीखाली, थोडे थोडे खाऊ घालून पाहणे हाच निर्णायक मार्ग.

उपचारही पुढे सरकले आहेत. अमेरिकेत २०२० मध्ये शेंगदाण्याची मोजून द्यायची पूड मंजूर झाली, तर २०२४ मध्ये दम्यासाठी वापरले जाणारे ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन. दोन्हींमुळे चुकून पोटात गेलेला अंश सोसवतो; मनसोक्त चिक्की खाता येत नाही.

खरी घाई असते ती गांधी, उलट्या, घरघर, शुद्ध हरपणे असे एकाएकी सुरू झाल्यावर. तेव्हा अ‍ॅलर्जीच्या गोळीने श्वास मोकळा होत नाही. अ‍ॅड्रिनॅलिनच हवे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. परदेशात पालक त्याचे तयार पेन जवळ बाळगतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, पण त्याच औषधाची स्वस्त कुपी दवाखान्यात असते. तिथे पोहोचेपर्यंत मुलाला आडवे ठेवावे, धाप लागली असेल तर बसू द्यावे. चालवत मात्र नेऊ नये.