हिरोशिमाची कालवे

जपानच्या होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांच्या मधोमध एक शांत समुद्र आहे. त्याला सेतो समुद्र म्हणतात. त्याच्या उत्तर काठी हिरोशिमाच्या उपसागरात बांबूचे असंख्य तराफे तरंगताना दिसतात. ही समुद्रातील शेती होय. प्रत्येक तराफ्याखाली तारांत ओवलेल्या शिंपल्यांच्या माळा सोडलेल्या असतात आणि त्या शिंपल्यांवर कालवे वाढतात. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवरून जी कालवे काढतात, त्यांच्याच कुळातील हा जीव. जपानी भाषेत त्याला 'काकी' म्हणतात. जपानात पिकणाऱ्या कालवांपैकी निम्म्याहून अधिक बहुतेक वर्षी एकट्या हिरोशिमातून येतात.

कालवाला अन्नासाठी हिंडावे लागत नाही. ते जागच्या जागी राहून समुद्राचे पाणी आत ओढते, कल्ल्यांनी गाळते आणि त्यातील सूक्ष्म शैवाल पोटात घेते. मोठे कालव दिवसाकाठी शंभर लिटरांहून अधिक पाणी गाळू शकते! म्हणूनच त्या इवल्याशा देहात पोषक द्रव्यांचा संचय होतो. १०० ग्रॅम मांसात सुमारे १४ मिलिग्रॅम जस्त असते. बारा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज आठ-नऊ मिलिग्रॅमच आहे. शिवाय प्रथिने, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्वही मिळते. जपानी लोक कालवाला 'समुद्राचे दूध' म्हणतात. उपमा गोड आहे, पण तंतोतंत नव्हे. दुधात जस्त फारच थोडे असते.

हिवाळ्यात कालव पुष्ट होते. तेव्हा ते शिंपल्यातच कच्चे वाढून त्यावर 'पोन्झू' शिंपडतात. युझू हे जपानी फळ संत्र्यासारखे सुगंधी व लिंबासारखे आंबट असते. त्याचा किंवा तशाच दुसऱ्या आंबट फळाचा रस सोयाबीनच्या खारट रसात मिसळला, की पोन्झू तयार होते. त्याने चव खुलते. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागण्यासही थोडा हातभार लागतो.

मात्र पाणी गाळणारे कालव त्यातील रोगकारक विषाणूही साठवते. नोरोव्हायरस नावाच्या विषाणूमुळे उलट्या व जुलाब होतात. आंबट रसाने तो मरत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्यासाठी कालवाचा गाभा ८५ ते ९० अंश सेल्सिअस उष्णतेवर किमान दीड मिनिट तापावा लागतो. लहान मुलांनी व वृद्धांनी कच्ची कालवे टाळावीत, ती याचसाठी.

जपानात कालवांच्या वेष्टनावर 'कच्चे खाण्यासाठी' किंवा 'शिजवण्यासाठी' असे छापलेले असते. दुसऱ्या प्रकारची कालवे शिळी असतात, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुतः तीही तितकीच ताजी असतात. ती वेगळ्या पाण्यातून आलेली असतात, एवढेच.