पत्ता : मर्सिन १०, तुर्कस्तान

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सायप्रस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर किरेनिया नावाचे एक जुने बंदर आहे. तिथे राहणाऱ्या कुणाला तुम्हाला पत्र पाठवायचे झाले, तर पाकिटावर नुसते 'सायप्रस' लिहून भागत नाही. नाव, रस्ता, गाव लिहायचे आणि शेवटी लिहायचे 'मर्सिन १०, तुर्कस्तान'. मर्सिन हे समुद्रापलीकडचे, दुसऱ्या देशातले बंदर. पत्र आधी तुर्कस्तानात जाते आणि तिथून पुन्हा बेटावर येते. कारण आंतरराष्ट्रीय टपालाच्या दप्तरी उत्तर सायप्रस नावाचा देशच नाही. फोनचेही तसेच. सायप्रसचा क्रमांक ३५७, पण या भागात फोन लावायचा तर तुर्कस्तानचा ९० फिरवावा लागतो.

टपालाचा वळसा ही तशी किरकोळ गोष्ट. चार दिवस उशीर, एवढेच. पण हाच वळसा संत्र्यांच्या पेटीला, विमानातल्या प्रवाशाला आणि फुटबॉलच्या संघालाही घ्यावा लागला, तर एका समाजाचे काय होते, ते आपण पाहू.

सायप्रस १९६० साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. लोकसंख्येत सुमारे ७७ टक्के ग्रीक भाषिक, १८ टक्के तुर्की भाषिक. अध्यक्ष ग्रीक समाजाचे, उपाध्यक्ष तुर्की समाजाचे अशी घटना होती. ती तीन वर्षे कशीबशी चालली. १९६३ च्या डिसेंबरात दंगली पेटल्या. निकोशिया शहराच्या नकाशावर एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. ती 'हिरवी रेषा' आज १८० किलोमीटर लांबीची होऊन बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आहे.

मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती जनरल ग्यानी भारतीय, त्यांच्यानंतरचे जनरल थिमय्याही भारतीय. थिमय्यांना १९६५ च्या डिसेंबरात तिथेच, कामावर असताना मृत्यू आला. त्यांचे नाव तिथे अजून आदराने घेतले जाते.

कोंडीचा पहिला अध्याय याच काळातला. हजारो तुर्की सायप्रियट घरेदारे सोडून आपापल्या वस्त्यांत एकवटले होते. सरकारने या वस्त्यांत काय जाऊ द्यायचे नाही याची यादी केली. सिमेंट, लोखंड, इमारती लाकूड, टायर, बॅटऱ्या, इतकेच काय, जाड लोकरी कपडेसुद्धा. यातून लष्करी उपयोग होईल, हे कारण. काही ठिकाणी हे निर्बंध वेढा घातल्यासारखेच आहेत, असा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी सप्टेंबर १९६४ मध्ये दिला. १९६८ मध्ये ते उठले, पण ज्यांनी ती वर्षे काढली त्यांच्या मनातून नाही. पुढे कोणी 'निर्बंध' हा शब्द उच्चारला, की तुर्की सायप्रियट माणसाला आधी ती वर्षे आठवतात.

दुसरा अध्याय १९७४ चा. १५ जुलैला अथेन्समधल्या लष्करशहांच्या फूसीने मकारिओस यांचे सरकार उलथवण्यात आले. २० जुलैला तुर्कस्तानचे सैन्य उतरले आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्याच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रियट उत्तरेकडची घरे, शेते, बागा टाकून दक्षिणेला पळाले. तुर्की सायप्रियट दक्षिणेतून उत्तरेला आले. १९६३ ते १९७४ या काळात बेपत्ता झालेल्या दोन्ही समाजांच्या माणसांची यादी दोन हजारांची आहे, आणि त्यांच्या अस्थींचा शोध आजही चालू आहे. हे सारे ध्यानात ठेवल्याशिवाय निर्बंधांबद्दल बोलणे एकतर्फी होईल.

ऑक्टोबर १९७४ मध्ये सायप्रस सरकारने उत्तरेतली फामागुस्ता, किरेनिया ही बंदरे बंद झाल्याचे जाहीर केले. बंदरावर सरकारचा ताबा नव्हता, पण कागदावर त्याचा हक्क होता. पुढे नोव्हेंबर १९८३ मध्ये उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा केली. त्याला मान्यता दिली एकट्या तुर्कस्तानने. सुरक्षा परिषदेने लगेच ही घोषणा बेकायदा ठरवली आणि कोणी मान्यता देऊ नये, या राजवटीला साह्य करू नये, असे सांगितले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. इराकवर १९९० मध्ये घातली तशी व्यापारबंदी सुरक्षा परिषदेने उत्तर सायप्रसवर कधीच घातली नाही. समुद्रात कुणाच्या युद्धनौका माल अडवत उभ्या नाहीत. मग अडते कुठे? अडते शिक्क्यावर.

युरोपात द्राक्षे पाठवणाऱ्या आपल्याकडच्या बागायतदाराला हे चटकन कळेल. फळ कितीही गोड असले, तरी त्याबरोबर रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. शिवाय माल कुठल्या देशात पिकला, याचा दुसरा दाखला. सायप्रसचा युरोपीय समुदायाशी १९७२ पासून सवलतीचा करार होता. उत्तरेतली संत्री, लिंबे आणि बटाटे त्या सवलतीने ब्रिटनला जात. दाखले उत्तरेतल्या अधिकाऱ्यांचे असत आणि ब्रिटन ते चालवून घेई. याविरुद्ध सायप्रसमधले काही फळ उत्पादक आणि निर्यातदार न्यायालयात गेले. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोचले. ५ जुलै १९९४ रोजी निकाल लागला : सायप्रस प्रजासत्ताकाच्या अधिकाऱ्यांनी दिलेलाच दाखला ग्राह्य, दुसरा नाही.

न्यायालयाने संत्र्यात कीड आहे असे म्हटले नाही. म्हणणे एवढेच, की दाखल्यामागे दोन सरकारांचा एकमेकांवरचा विश्वास असतो. उद्या पेटीत काही निघाले तर विचारायचे कुणाला? ज्या कार्यालयाला आपण ओळखतच नाही, त्याला पत्र कसे लिहिणार? कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. पण त्या एका निकालाने उत्तरेतल्या बागांचे मुख्य गिऱ्हाईक गेले. सवलतीवर चालणाऱ्या तयार कपड्यांच्या कारखान्यांनाही झळ बसली.

मग वळसा आलाच. संत्र्यांचे जहाज फामागुस्ताहून निघे, तुर्कस्तानच्या बंदरात दिवसभरासाठी थांबे. माल उतरवायचा नाही, हलवायचा नाही. तुर्की अधिकारी जहाजावर येऊन तपासणी करत, तुर्कस्तानचा दाखला देत आणि जहाज युरोपची वाट धरी. यावरही खटले झाले. २००० मध्ये न्यायालयाने काही अटींवर ही वाट मोकळी ठेवली आणि २००३ मध्ये लिंबूवर्गीय फळांपुरती ती बंद केली. पेटीवर उगमाची खूण लागते आणि ती उगमाच्या देशातच तपासली पाहिजे, हे कारण.

या गोष्टीची दुसरी बाजू मात्र सांगितली पाहिजे. यातल्या कितीतरी बागा १९७४ पूर्वी ग्रीक सायप्रियट कुटुंबांच्या होत्या. मॉर्फूच्या परिसरातून पळालेला माणूस दक्षिणेत निर्वासित म्हणून राहतो आणि त्याने लावलेल्या झाडांची संत्री लंडनच्या बाजारात दुसऱ्याच्या नावाने विकली जातात, हे त्याने निमूट का पाहावे? आणि आज दाखला चालवून घेतला, उद्या विमानतळ, परवा वकिलात, असे करता करता फाळणीवर जगाचे शिक्कामोर्तब होईल, ही भीतीही निराधार नाही. बंदी एकाच बाजूची नाही, हेही खरे. सायप्रसच्या जहाजांना तुर्कस्तान आपल्या बंदरांत येऊ देत नाही.

विमानांची कथा अशीच. निकोशियाचा जुना विमानतळ १९७४ च्या लढाईत शांतिसेनेच्या ताब्यात आला. तेव्हा शांतिसेनेचे प्रमुख भारताचेच जनरल प्रेमचंद होते. तो विमानतळ तेव्हापासून बंद आहे. दक्षिणेने लार्नाकाला विमानतळ सुरू केला, उत्तरेने एर्जानला. कुठला विमानतळ आंतरराष्ट्रीय, हे ठरवण्याचा हक्क सायप्रस सरकारचा. म्हणून एर्जानला जाणारे विमान आधी तुर्कस्तानात उतरवावे लागते. लंडनमध्ये तुर्की सायप्रियटांची मोठी वस्ती आहे, पण लंडन ते एर्जान थेट विमान नाही. उत्तरेच्या विमान कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात दाद मागितली. ती २००९ मध्ये आणि अपिलात २०१० मध्ये फेटाळली गेली. त्याच वर्षी ती कंपनीही बंद पडली.

खेळाचे ऐकून तर वाईट वाटते. चेतिनकाया हा निकोशियाचा तुर्की क्लब १९५१ मध्ये अख्ख्या सायप्रसचा फुटबॉल विजेता होता. पुढे समाज फुटले तसे संघही फुटले. २००७ मध्ये इंग्लंडचा ल्यूटन टाउन संघ चेतिनकायाशी मैत्रीचा सामना खेळणार होता. दबाव आला आणि सामना रद्द झाला. २०१३ मध्ये झुरिचला दोन्ही बाजूंच्या फुटबॉल संघटनांनी समझोत्यावर सह्या केल्या, पण तो अमलात आला नाही.

आता २००४ सालाकडे येऊ, कारण या साऱ्याची खरी सल तिथे आहे. आदल्या वर्षीच्या एप्रिलात रेषेवरची दारे उघडली होती. एकोणतीस वर्षांनी माणसे आपली जुनी घरे पाहायला रेषा ओलांडून जात होती. कोफी अन्नान यांनी एकीकरणाची योजना मांडली. २४ एप्रिल २००४ रोजी दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान झाले. तुर्की सायप्रियटांपैकी सुमारे ६५ टक्के 'हो' म्हणाले. ग्रीक सायप्रियटांपैकी सुमारे ७६ टक्के 'नाही' म्हणाले. त्यांच्या नकारालाही कारणे होती : तुर्की सैन्य किती आणि कधी जाणार, घरे परत मिळणार की नाही. एका आठवड्याने, १ मे रोजी, सायप्रस युरोपीय संघात गेला. म्हणजे 'नाही' म्हणणारे आत आणि 'हो' म्हणणारे दाराबाहेर.

युरोपच्या परराष्ट्रमंत्र्यांनाही हे बोचले असावे. मतदानानंतर दोनच दिवसांनी त्यांनी तुर्की सायप्रियट समाजाचे एकाकीपण संपवण्याचा निर्धार जाहीर केला. जुलैमध्ये दोन प्रस्ताव आले. एक आर्थिक मदतीचा, २५ कोटी ९० लाख युरोंचा. तो २००६ मध्ये मंजूर झाला. दुसरा थेट व्यापाराचा. तो अडकला, कारण आता सायप्रस स्वतः संघाचा सभासद होता आणि त्याचा विरोध होता. तुर्कस्ताननेही सांगितले, तुम्ही कोंडी उठवा, मग आम्ही बंदरे उघडू. २००६ च्या अखेरीस युरोपने तुर्कस्तानच्या प्रवेशाच्या वाटाघाटींतली आठ प्रकरणे गोठवली. थेट व्यापाराचा तो प्रस्ताव मंजूर झालाच नाही.

एक फट मात्र ठेवली गेली. हिरव्या रेषेवरून उत्तरेचा माल दक्षिणेत नेता येतो. दाखला देते तुर्की सायप्रियटांचे व्यापारी मंडळ, सरकार नव्हे. त्यामुळे कुणाला मान्यता देण्याचा प्रश्न येत नाही. तोडगा हुशारीचा आहे, पण व्यापार मोठा झाला नाही. उत्तरेच्या मोठ्या मालमोटारींचे कागद दक्षिणेत चालत नाहीत, आणि दुकानदार रेषेपलीकडचा माल फळीवर मांडायला कचरतो. २०२१ मध्ये बेटावरच्या चीजला, ग्रीक ज्याला हालुमी म्हणतात आणि तुर्क हेलिम, युरोपने दोन्ही नावांनी एकच भौगोलिक संरक्षण दिले. चीजच्या बाबतीत तरी बेट एक ठरले.

बाजार बंद झाला म्हणजे माणसे जगायची थांबत नाहीत. ज्याला दाखला लागत नाही असे धंदे शोधतात. तुर्कस्तानने १९९८ मध्ये जुगारघरांवर बंदी घातली, ती उत्तर सायप्रसच्या किनाऱ्यावर आली. दुसरा धंदा विद्यापीठांचा. या छोट्याशा प्रदेशात विद्यार्थ्यांची संख्या लाखाच्या आसपास गेली, बहुतेक तुर्कस्तान आणि आफ्रिकेतले.

बाकी सर्व बाबतींत भिस्त एकाच देशावर. चलन तुर्की लिरा, अंदाजपत्रकाला आधार अंकाराचा. २०१५ पासून पाणीसुद्धा तुर्कस्तानातून समुद्राखालच्या ८० किलोमीटर लांब नळातून येते. २०२१ मध्ये लिरा कोसळला तसे इथले पगारही कोसळले आणि ग्रीक सायप्रियट मंडळी स्वस्त पेट्रोल भरायला रेषा ओलांडू लागली. मला या सगळ्यातली मोठी विसंगती वाटते ती हीच. तुर्कस्तानचा बेटावरचा ताबा मान्य नाही म्हणून जे निर्बंध आले, त्यांनी या समाजाला तुर्कस्तानशिवाय दुसरा दरवाजाच ठेवला नाही. तुर्की सायप्रियटांना हे आवडते असेही नाही. अंकाराच्या काटकसरीच्या अटींविरुद्ध २०११ मध्ये हजारो लोक निकोशियात रस्त्यावर उतरले. शाळेत मुलींना डोक्यावर रुमाल बांधू देण्याच्या निर्णयावरून २०२५ मध्ये पुन्हा उतरले.

व्यक्तींनी आपापल्या वाटा शोधल्या आहेत. अनेक तुर्की सायप्रियटांनी सायप्रस प्रजासत्ताकाचा, म्हणजेच युरोपचा, पासपोर्ट काढला आहे. राहायचे एका न ओळखलेल्या देशात आणि खिशात पासपोर्ट ज्याच्याशी भांडण त्या सरकारचा. पण आई किंवा वडील तुर्कस्तानातून आलेले असतील, तर मुलांना तो मिळणे अवघड. एकाच वर्गातल्या दोन मुलांपैकी एक बर्लिनला शिकायला सहज जाऊ शकते आणि दुसरे व्हिसाच्या रांगेत उभे राहते.

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी उत्तरेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. दोन वेगळी राष्ट्रे हवीत म्हणणारे एर्सिन तातार हरले. संघराज्यासाठी बोलणी करू म्हणणारे तुफान एर्हुर्मन ६२ टक्क्यांहून अधिक मतांनी निवडून आले. म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी 'हो' म्हणालेल्या समाजाने पुन्हा एकदा त्याच दिशेने मत दिले. त्यांना अभिनंदनाचे पत्र टपालाने पाठवायचे, तर त्यावरही 'मर्सिन १०' असेच लिहावे लागले असते.