समोरच्या खुर्चीवर कोण?

मुंबईच्या खाण्यावर लिहायला बसले, की कोणी वड्यावर घसरतो, कोणी मिसळीवर, तर कोणी मांदेलीवर. चवीवरून भांडणे लावण्यात मलाही रस आहे, नाही असे नाही. पण या शहरातल्या साध्या, स्वस्त हॉटेलांनी आपल्याला खाऊ घातले, त्याहून मोठे काम एक केले आहे. अनोळखी माणसासमोर बसून खायला त्यांनी आपल्याला शिकवले. हे शिक्षण किती अवघड होते, याची कल्पना आजच्या पोरांना यायची नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बाहेर खाणे म्हणजे जवळजवळ व्यसनच! कोणाच्या हातचे खाल्ले, कोणाच्या शेजारी बसून खाल्ले, याची घरी उलटतपासणी व्हायची. म्हणून मराठी माणसाने हॉटेल काढले, तेव्हा त्याला हॉटेल म्हणायची त्याला लाज वाटली असावी. पाट्या आठवून पाहा: आरोग्य भुवन, दुग्ध मंदिर, विश्रांती गृह! दादरच्या मामा काण्यांच्या उपाहारगृहाच्या तर नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द. जणू आपण बटाटेवडा खायला नव्हे, प्रकृती सुधारायला चाललो आहोत. गिरगावातले ‘विनय हेल्थ होम’ १९४० पासूनचे. तिथल्या मिसळीने कोणाची प्रकृती सुधारली ते मला ठाऊक नाही. पण नाकाडोळ्यांतून पाणी काढून माणसे पुन्हा तिथेच जातात.

पाट्यांचा हा झाला गमतीचा भाग. काही पाट्यांवर मात्र ‘हिंदू’ किंवा ‘ब्राह्मण’ असेही शब्द असत, आणि त्यात गंमत नव्हती. पाटी वाचूनच पायरीवरून परत फिरणारी माणसे याच शहरात होती. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग अशा कारणावरून तिथे कोणाला अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. घटनेसारख्या गंभीर ग्रंथात हॉटेल कशाला, असे ज्याला वाटेल, त्याला कधी कोणी पायरीवर अडवलेले नाही, एवढेच समजावे.

या बाबतीत इराणी आपल्या पुढे होता. यझ्दकडून आलेल्या या मंडळींनी मुंबईत कोपऱ्यावरच्या जागा धरल्या. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानून सोडून देत, असे सांगतात. इराण्याला मात्र त्यात दोन रस्त्यांची गिऱ्हाइके दिसली. संगमरवरी टेबल, भोवती चार लाकडी खुर्च्या. तीन रिकाम्या असल्या, तर त्या तुमच्या नव्हेत. टॅक्सीवाला यायचा, वकिलाचा कारकून यायचा, छापखान्यातला कंपोझिटर यायचा. ‘बसू का?’ असे कोणी विचारत नसे. एकच वर्तमानपत्र पान-पान सुटे होऊन चार टेबलांवर फिरायचे. खेळाचे पान हवे असेल, तर ते वाचणाऱ्याचा ब्रून मस्का संपेपर्यंत थांबायचे!

बायकांचे काय? त्यांच्यासाठी ‘फॅमिली रूम’ असे, कुठे माळ्यावर, कुठे लाकडी आडोशामागे. माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. १९६० च्या आसपासची गोष्ट. पगाराच्या दिवशी ती मला इराण्याकडे न्यायची. बाईमाणूस एकटे हॉटेलात शिरले तर लोक बघत, म्हणून सोबतीला मी, वय वर्षे सात. माझ्यासाठी मावा केक, तिच्यासाठी ओम्लेट-पाव आणि चहा.

“घरी विचारले, तर केळे खाल्ले म्हणून सांग हं,” ती म्हणायची.

मग चहा निवून जाईपर्यंत ती नुसती बसून राही. घरी तेरा माणसांचे बिऱ्हाड. तिथे तिला असे बसलेले मी कधी पाहिले नाही. तेवढा वेळ तिला कोणी हाक मारत नसे.

गिरणगावात याच्या उलट चित्र होते. गावाकडे बायकामुले ठेवून आलेले कामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचे जेवत, आणि त्या बाया सावकाराच्या कचाट्यात. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुढे १९८२ चा संप आला, कामगार गावी परतले आणि पुष्कळ चुली थंडावल्या.

माटुंग्याला मात्र अजून जावे. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून केळीच्या पानावर वाढते आहे. जागा मिळेल तिथे बसायचे, रसमची वाटी सांभाळायची आणि शेजारच्याच्या पानाकडे पाहायचे नाही. अर्थात, सगळेच पाहतात.

इराणी मोजकेच उरले. धोबीतलावचे क्यानी १९०४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. क्यानीसमोरचे बस्तानी मिटले. पुढची पिढी दुसऱ्या धंद्यात गेली, आणि कोपऱ्याच्या जागेला सोन्याचा भाव आला. एका चहावर तासभर बसणारे गिऱ्हाईक त्या भावात बसत नाही. आता चहा टपरीवर उभ्याने प्यायचा, नाहीतर राइस प्लेटहून महाग कॉफी घेऊन थंडगार काचेमागे बसायचे. शिवाय जेवण घरपोच येते. ते आणणारी पोरे हॉटेलांच्या बाहेर पायऱ्यांवर, पावसात, पुकारा व्हायची वाट पाहत उभी असतात. त्यांना आत बसा म्हणणारा हॉटेलवाला मला क्वचितच भेटला.

परवा दुपारी इराण्याकडे असाच एक पोरगा आला. पाठीवरची भली मोठी चौकोनी पिशवी पायाशी ठेवून माझ्यासमोर बसला. बसू का, असे त्याने विचारले नाही. बन मस्का चहात बुडवून खाऊ लागला. मी जुन्या सवयीने वर्तमानपत्राचे आतले पान त्याच्याकडे सरकवले. मोबाइलवरची नजर न काढता त्याने ते तितक्याच सौजन्याने माझ्याकडे परत सरकवले.