एक पडदा, दोन खेळगडी

करमणुकीचीं साधनें काळाप्रमाणें बदलतात. परंतु लहानपणीं ज्या खेळानें जीव वेडावला, त्याची गोडी माणसास जन्मभर पुरते. सोंगट्यांचा पट, गंजिफा, विटीदांडू, लगोऱ्या ह्यांच्या आठवणी सांगणारीं वडील माणसें घरोघर आहेत. आज चाळिशीला पोहोंचलेली पिढी मात्र चार भावंडें एकत्र जमलीं कीं निराळींच नांवें घेऊं लागते : मारिओ, कॉन्ट्रा, बॅटल सिटी, डक हंट, टेट्रिस. इ. स. १९९० नंतरच्या दहा वर्षांत दूरदर्शन-संचाला जोडून खेळावयाची जी लहानशी पेटी मध्यमवर्गीय घरांत शिरली, तिचे हे खेळ. घरांतील मोठीं माणसें तिला 'व्हिडिओ गेम' एवढ्याच नांवानें ओळखीत, आणि बहुधा त्या नांवापाठोपाठ 'बंद कर' हे दोन शब्द येत. ह्या पेटीचा थोडा शांतपणें विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कारण आज मुलानातवंडांच्या हातीं कोणता खेळ द्यावा व कोणता देऊं नये, हा प्रश्न प्रत्येक घरापुढें उभा आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्यास ही जुनी पेटी पुष्कळ साह्य करील, असें आमचें मत आहे.

प्रथम तिचें कुळ पाहूं. जपानांतील क्योटो शहरीं १८८९ सालीं 'निन्टेंडो' हा व्यवसाय सुरू झाला. तेथें हातानें बनविलेले खेळावयाचे पत्ते तयार होत. म्हणजे आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांशीं ह्या कुळाचें दूरचें नातें लागतें म्हणावयाचें. त्याच कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिली कॉम्प्युटर', म्हणजे कुटुंबाचा संगणक, ह्या नांवाचें खेळयंत्र जपानांत विक्रीस काढलें. हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आपल्याकडे मूळ यंत्र क्वचितच आलें. आल्या त्या त्याच्या नकला. 'समुराय', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नांवांनीं त्या येथें विकल्या गेल्या. एक पेटी, तारेनें जोडलेले दोन रिमोट, एक खोटी बंदूक आणि वरच्या खांचेंत बसवावयाची 'कॅसेट', एवढा हा संसार. कॅसेटवर खेळांची संख्या लाखांच्या घरांत छापलेली असे. प्रत्यक्षांत मोजकेच खेळ निरनिराळ्या नांवांनीं पुनःपुन्हां येत. कॅसेट चालेनाशी झाली कीं मुलें तिच्या तोंडांत फुंकर घालीत. वास्तविक गुण फुंकरीचा नसे. कॅसेट काढून पुन्हां बसविल्यानें धातूच्या पट्ट्या नीट जुळत, हा तो गुण. तोंडाच्या ओलाव्यानें त्या पट्ट्या कालांतरानें खराब मात्र होत.

ह्या यंत्राची ऐपत फार बेताची होती. त्याची कामचलाऊ स्मृति अवघी २ किलोबाइट, म्हणजे साधारण दोन हजार इंग्रजी अक्षरें मावतील इतकी. आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा सबंध खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला होता. आज फोनवर काढलेलें एक छायाचित्रहि ह्याच्या कित्येक पट जागा व्यापतें. अशा वेळीं खेळ रचणाऱ्यांनीं काय युक्ति केली ती पाहा. त्या खेळांतील आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडुप हीं दोन्ही एकच आकृति आहेत. ढगाला पांढरा रंग दिला, झुडुपाला हिरवा. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांस ही काटकसर सहज पटली असती.

आतां हे खेळ ज्या घरांत खेळले गेले, त्या घरांकडे वळूं. उदाहरणादाखल पिंपरीचें संत तुकाराम नगर घ्यावें. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी पिंपरीस स्थापन झाली. पुढें मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, वस्ती वाढली, आणि १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका मिळाली. नोकरीनिमित्त गांवोगांवचीं कुटुंबें येथें येऊन राहिलीं. दोन खोल्यांचें घर, त्यांत आजीआजोबा, शिक्षणासाठीं आलेला एखादा पुतण्या, आणि दूरदर्शन-संच मात्र एकच. वडील एका आठवड्यांत दिवसपाळीस, तर दुसऱ्यांत रात्रपाळीस. अशा घरांतील मुलें आमच्या वर्गांत असत, आणि त्यांच्या खेळाचे नियम त्यांच्याच तोंडून आम्हीं ऐकले आहेत. वडील रात्रपाळी करून आंतल्या खोलींत निजले असले कीं संचाचा आवाज पूर्ण उतरवावयाचा. जिंकल्याचा जल्लोषहि कुजबुजींत करावयाचा. सातच्या बातम्या लागल्या कीं संच आजोबांचा. गुरुवारीं आईची मालिका असेल तर तो तिचा. उरलेल्या वेळांत चार मुलें, दोन रिमोट. ज्याची 'लाईफ' गेली त्यानें रिमोट शेजाऱ्याच्या हातीं द्यावयाचा, हा नियम कोणीं लिहिलेला नव्हता, परंतु तो मोडणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं कोणी खेळावयास घेत नसे.

ज्या संतांचें नांव ह्या वस्तीस आहे, त्यांच्या गाथेंत फुगडी, हुतुतू, टिपरी, विटीदांडू ह्या खेळांवर अभंग आहेत. खेळाकडे पाहून परमार्थ सुचावा, इतकें खेळाचें निरीक्षण त्या थोर पुरुषानें केलें होतें. तेव्हां मुलांच्या खेळांत काय आहे हें पाहण्यास आपणहि संकोच धरण्याचें कारण नाहीं.

मारिओपासून आरंभ करूं. शिगेरु मियामोतो व ताकाशी तेझुका ह्यांनीं रचलेला हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजीं जपानांत प्रसिद्ध झाला. कथा आपल्या ओळखीचीच : राजकन्येचें हरण झालें आहे आणि नायकानें तिला सोडवावयाचें आहे. आठ जगें, प्रत्येकांत चार टप्पे, असे बत्तीस टप्पे. पडदा केवळ पुढें सरकतो. मागें टाकलेल्या वाटेवर परत जातां येत नाहीं. दोघांनीं खेळावयाचें तर पाळीपाळीनें : एकाचा नायक खड्ड्यांत पडला कीं दुसऱ्याचा डाव सुरू. त्यामुळें थांबलेला मुलगा रिकामा बसत नसे. भावाचा पाय कोठें घसरला हें तो नीट पाहून ठेवी, आणि आपला डाव येतांच तेथें सावधपणें उडी मारी. खेळ जेथवर आला तेथून उद्यां पुढें चालूं ठेवण्याची सोय मात्र नव्हती. सातव्या जगांत असतां वीज गेली तर पुन्हां पहिल्या जगाच्या पहिल्या पायरीवर उभें राहावयाचें. श्लोक अडला कीं पुन्हां पहिल्या चरणापासून म्हणावयास लावणाऱ्या गुरुजींची शिस्त ह्याहून फारशी निराळी नसते.

'कॉन्ट्रा' हा १९८७ सालीं कोनामी कंपनीनें काढलेला व पुढल्या वर्षीं घरगुती यंत्रावर आलेला खेळ. ह्यांत दोघांनीं एकाच वेळीं, खांद्यास खांदा लावून चालावयाचें. त्यांतील धबधब्याचा टप्पा ज्यांनीं खेळला त्यांना तो विसरणें शक्य नाहीं. खडकावरून खडकावर उड्या मारीत वर चढावयाचें असतें. आणि एकजण घाईनें वर गेला कीं पडदाहि त्याच्याबरोबर वर सरकतो, व खालीं राहिलेला जोडीदार त्याच्या पायाखालची जमीन नाहींशी होऊन मरतो. शत्रूची गोळी न लागतां, केवळ सोबत्याच्या घाईनें! किती भावंडांचीं भांडणें ह्या धबधब्यावर झालीं असतील त्याची गणती नाहीं. परंतु 'थांब, मला येऊं दे' आणि 'ये, मी थांबलों' हीं दोन वाक्यें मुलें तेथेंच शिकलीं.

ह्याच खेळाची एक गंमत आम्हां संस्कृत पढलेल्यांस विशेष वाटते. कळा एका ठराविक क्रमानें दाबल्या (वर दोनदां, खालीं दोनदां, मग डावें-उजवें, डावें-उजवें, आणि शेवटीं दोन अक्षरी कळा) तर तीस 'लाईफ' मिळत. हा क्रम मूळ काझुहिसा हाशिमोतो ह्यांनीं १९८६ च्या 'ग्रॅडियस' ह्या खेळांत घातला होता. संत तुकाराम नगरांतल्या मुलांपाशीं ना पुस्तक होतें, ना संगणकाचें जाळें. तरी जपानांतला हा मंत्र एका मुलाच्या मुखांतून दुसऱ्याच्या कानीं पडत, एकहि अक्षर न चुकतां पसरला. मौखिक परंपरेची शक्ति अजून शाबूत आहे, ह्याचा हा लहानसा पुरावा होय.

'बॅटल सिटी'स मुलें 'टँकचा गेम' म्हणत. नामको कंपनीचा हा १९८५ चा खेळ. पडद्याच्या तळाशीं विटांच्या भिंतींत एक गरुडचिन्ह असतें. तें राखावयाचें आणि शत्रूचे वीस रणगाडे मोडावयाचे. मौज अशी कीं आपल्याच गोळ्यानें ती भिंत फुटते, व आपलाच गोळा गरुडास लागला तर डाव तेथेंच संपतो. जोडीदारास चुकून गोळा लागला तर तो क्षणभर जागच्या जागीं खिळून राहतो. म्हणून एकानें घर राखावें, दुसऱ्यानें बाहेर जावें, अशी कामाची वांटणी मुलें आपोआप करीत. शिवाय रणांगणाची रचना स्वतः करण्याची सोय ह्या खेळांत होती. धाकट्या भावंडांचे तासचे तास त्या बांधकामांत जात.

'डक हंट'मध्यें बंदुकीनें बदकें मारावयाचीं. बंदुकींतून कांहींच बाहेर पडत नाहीं. उलट तिच्या नळींत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. चाप ओढतांच पडदा निमिषभर काळा होतो व बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटतो. नळीला तो उजेड दिसला तर नेम लागला. ही युक्ति जुन्या कांचेच्या नळीच्या संचावरच चालते. हल्लींच्या चपट्या संचावर ती बंदूक निरुपयोगी आहे. नेम चुकला कीं गवतांतून कुत्रा डोकें काढून हंसे, व त्याच्याबरोबर सगळें घर हंसे.

राहिला टेट्रिस. अलेक्सेई पाझित्नोव्ह ह्या रशियन गृहस्थानें १९८४ सालीं मॉस्कोंत तो रचला. चार-चार चौकोनांच्या सात आकृति वरून पडतात. त्या फिरवून खालीं फट न ठेवतां रचावयाच्या. ओळ भरली कीं ती नाहींशी होते. ह्यास भाषा लागत नाहीं, कथा लागत नाहीं. फळीवर डबे बसविण्याची संवय असलेल्या गृहिणींना तो मुलांपेक्षां लौकर साधे. ज्या खेळास शेवट नाहीं असें वर्षानुवर्षें वाटत होतें, त्याच्या ह्या घरगुती यंत्रावरील आवृत्तींत डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील एका तेरा वर्षांच्या मुलानें १५७ वी पायरी गांठून यंत्रासच थांबावयास लावलें.

ह्या खेळांवर आक्षेप नव्हते असें नाहीं. कॉन्ट्रामध्यें गोळीबाराखेरीज कांहीं नाहीं, हें खरें. मैदानें ओस पडलीं, पुस्तकें बाजूस राहिलीं, हेंहि कित्येक घरीं घडलें. परंतु त्या पेटीला मर्यादा होत्या, आणि त्या मर्यादांतच तिचा गुण होता. डाव संपत असे. शेजारीं दुसऱ्याची जागा होती. आणि एकदां पेटी घेतली कीं ती पुन्हां पैसे मागत नसे.

आजच्या स्थितीशीं ताडून पाहा. ६ मार्च २०२२ पासून संत तुकाराम नगराहून मेट्रो धांवते. तिच्या डब्यांत दोन भावंडें शेजारीं बसलेलीं दिसतात. दोघांच्या हातीं दोन फोन, दोन निरनिराळे खेळ, कानांत दोन निरनिराळे आवाज. एकाची हारजीत दुसऱ्यास कळतहि नाहीं. त्या खेळांपैकीं पुष्कळांस शेवट असा नसतो. रोज हजेरी लावली तर बक्षीस, न लावली तर नुकसान, आणि अडलें कीं पैसे भरून पुढें जाण्याचें आमिष. आपल्या पूर्वजांनीं क्रीडा आणि द्यूत ह्यांत भेद केला होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील चौतिसावें सूक्त जुगाऱ्याचेंच आहे. फांसे सोडून शेत कस, असा उपदेश त्यांत केलेला आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा आपल्या संसदेनेंहि ऑगस्ट २०२५ मध्यें संमत केला. परंतु पैज न लावतां जे खेळ मुलाचा वेळ व आईबापांचा पैसा थोडाथोडा करून नेतात, त्यांचा निवाडा घरानेंच करावयाचा आहे.

तेव्हां कोणताहि खेळ मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. ह्याचा डाव संपतो काय? ह्यांत दुसऱ्याला जागा आहे काय? आणि खेळतां खेळतां हा पैसे मागतो काय? पहिल्या दोहोंचें उत्तर 'होय' व तिसऱ्याचें 'नाहीं' असेल, तर तो खेळ पत्त्यांचा असो, पटाचा असो, वा विजेचा असो, खुशाल खेळूं द्यावा.

मूळ जपानी यंत्राचें उत्पादन २००३ सालीं थांबलें. परंतु हे जुने खेळ नव्या यंत्रांवर आजहि मिळतात, आणि दोन रिमोट लावून घरच्या मोठ्या पडद्यावर खेळतां येतात. ज्यांचें बालपण त्यांत गेलें त्या आईबापांनीं सुटीच्या दिवशीं तो पडदा बैठकींत लावावा, एक रिमोट मुलाच्या हातीं द्यावा आणि दुसरा स्वतः घ्यावा. आजोबांनीं सातच्या बातम्यांचा हक्क मात्र सोडूं नये. कारण आपला डाव संपवून उठणें हाहि त्या खेळाचाच एक भाग आहे.